पाण्याखाली लेझर पॉइंटर: गोव्याच्या पाण्यात उपयोग होतो का?

बायणेकर | सोमवार, रात्री ९:१२

पावसाळा सरला, बोटी पुन्हा पाण्यात उतरल्या. मी बायणाहून ग्रँड आयलंडला डायव्हर नेतो. बहुतेक सर्टिफाइड लोक, आणि सुझीज रेक (रेक म्हणजे बुडालेलं जहाज), डेव्ही जोन्स लॉकर या नेहमीच्या जागा. प्रश्न जुनाच आहे: दाखवायचं कसं?

स्कॉर्पियनफिश खडकाला चिकटून बसलेला असतो, अगदी खडकाच्याच रंगाचा. मी बोट दाखवतो, पाहुणा बोटाकडे बघतो. मग तो पुढे सरकतो, तोल जातो, फिन खाली आपटतात, गाळ उठतो आणि होती नव्हती ती चार मीटरची व्हिजही (पाण्यात दिसण्याचं अंतर) जाते. न्यूडिब्रँक (रंगीत समुद्री गोगलगाय) तर नखाएवढा. स्टीलची कांडी आहे माझ्याकडे, पण ती हातभरच पोचते. टॉर्च रात्री आणि रेकच्या आत उत्तम, पण सकाळी अकराच्या उन्हात, आठ मीटरवर त्याचा गोल कुणाला दिसत नाही.

एका मित्राने दुबईहून हिरवा लेझर पॉइंटर आणून दिलाय. वर 'वॉटरप्रूफ' छापलंय. पाण्याखाली कोणी वापरलाय का? लाल, हिरवा, निळा याने फरक पडतो का? ताकद किती असावी? दुकानांच्या लिंका नकोत, माहिती असेल ती सांगा.

फिरस्ता_पुणे | सोमवार, रात्री ९:३५

वाचनखूण साठवली. मलाही हवाय. कर्नाटकात नेत्राणी बेटाला एका गाइडकडे बघितला होता, झकास दिसत होतं. जितका पॉवरफुल तितका चांगला, नाही का?

तारकर्लीकरीण | सोमवार, रात्री १०:०४

फिरस्ता, तुमचं शेवटचं वाक्यच सगळ्या घोटाळ्याचं मूळ आहे.

मी मालवणात इन्स्ट्रक्टर आहे. बायणेकरबाब सर्टिफाइड लोक नेतात ते ठीक. पण गोवा काय, मालवण काय, पाण्यात उतरणाऱ्यांतले बहुतेक पहिल्यांदाच उतरलेले असतात. पाच-सहा मीटरवर इन्स्ट्रक्टरने टाकीला धरून फिरवायचं, फोटो काढायचा, वर आणायचं. त्या माणसाचा मास्क तुमच्या हातापासून वीतभर अंतरावर असतो, तो घाबरून कधी मान वळवेल याचा नेम नाही. अशा ठिकाणी लेझर हातात घेणारा मला तरी माझ्या बोटीवर नको. आमच्या आजीच्या भाषेत, असली खेळणी पाण्यात नेव नकात.

अनुभवी गटासाठी माझं मत थोडं मवाळ आहे. ते नंतर लिहीन, उद्या सकाळी बोट आहे.

प्रकाशकिरण | सोमवार, रात्री ११:२०

फोंड्याला भौतिकशास्त्र शिकवतो. पोहता येत नाही, तेव्हा डायव्हिंगवर बोलणार नाही. प्रकाशावर बोलतो.

पाणी लाल रंग फार लवकर पिते. पूर्ण शुद्ध पाण्यातसुद्धा ६५० नॅनोमीटरचा लाल लेझर पाच मीटर गेला की साधारण १८ टक्के उरतो. तेवढ्याच अंतरावर ५३२ नॅनोमीटरचा हिरवा जवळपास ८० टक्के उरतो आणि ४५० चा निळा ९५ च्या आसपास. म्हणजे लाल बाद. हे आकडे वाचून कोणी म्हणेल, मग निळाच घ्या. खोल, स्वच्छ समुद्रात ते बरोबर ठरेल. गोव्यात नाही. ग्रँड आयलंड जुवारीच्या मुखाच्या जवळच आहे. नदीसोबत गाळ येतो, कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचा पिवळसर अंश येतो, शिवाय पाण्यात वनस्पतिप्लवक (तरंगत्या सूक्ष्म वनस्पती) असतात. हे पिवळे द्रव्य आणि प्लवकातले हरितद्रव्य दोन्ही निळा प्रकाश शोषतात. त्यामुळे किनाऱ्याजवळच्या पाण्यात हिरव्याचा पल्ला निळ्यापेक्षा जास्त पडतो. आपला समुद्र हिरवट दिसतो त्याचं कारणही हेच.

आता विखुरणं. वर्गात हवेत लेझर मारला तर भिंतीवर ठिपका दिसतो, मधली रेघ दिसत नाही. गढूळ पाण्यात कण असतात, प्रत्येक कण थोडा प्रकाश बाजूला फेकतो, म्हणून रेघच दिसते. बायणेकरांसाठी हे चांगलंच आहे: पाहुण्याला ठिपका शोधावा लागत नाही, रेघेवरून नजर आपोआप जाते. मात्र तोच विखुरलेला प्रकाश मागेही येतो. ताकद दुप्पट केली तर रेघही दुप्पट झगमगते आणि टोकाचा ठिपका त्या झगमगाटात हरवतो. फिरस्तांच्या प्रश्नाचं उत्तर यात आहे. गढूळ पाण्यात व्हिज दोन मीटर असेल तर १०० मिलिवॉटचा लेझर ती चार करून देत नाही.

रापणीकाठचो | सोमवार, रात्री ११:५१

सर, भारी समजावलंत. +१

डोळस | मंगळवार, सकाळी ७:४०

मडगावला नेत्रचिकित्सक आहे, सुट्टीत डायव्ह करतो. तारकर्लीकरीण यांच्या प्रतिसादाला जोर देतो.

पॉइंटरची वर्गवारी मिलिवॉटवर ठरते. १ मिलिवॉटपर्यंत वर्ग २: चुकून डोळ्यात गेला तर पाव सेकंदात पापणी मिटते आणि सहसा निभावतं. ५ मिलिवॉटपर्यंत ३आर. त्यापुढे ५०० मिलिवॉटपर्यंत ३बी. तिथे पापणी मिटेपर्यंत इजा होऊन गेलेली असू शकते. त्यावर वर्ग ४, जो कातडी आणि कापडही जाळतो. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही. भाजलं तरी दुखत नाही, नजरेच्या मध्यावर एक डाग राहतो आणि तो बरा होईलच असं नाही.

पाण्याखालचा मुद्दा वेगळा आहे. उघड्या डोळ्याने पाण्यात सगळं अंधुक दिसतं, कारण बुबुळाच्या पारदर्शक पडद्याची वाकवण्याची ताकद पाण्यात जवळजवळ संपते. तिथे लेझरही दृष्टिपटलावर नीट एकवटत नाही. पण डायव्हर मास्क घालतो. मास्कमध्ये हवा असते, म्हणून आपल्याला स्पष्ट दिसतं, आणि नेमकं म्हणूनच लेझर जमिनीवर जितका बारीक एकवटतो तितकाच मास्कमागेही एकवटतो. पाणी आहे म्हणून डोळा सुरक्षित, हा समज मी अनुभवी डायव्हरांकडूनही ऐकलाय.

आणखी एक. पेनावर '५ मिलिवॉटपेक्षा कमी' लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१३ मध्ये १२२ पॉइंटर तपासले होते. हिरव्यांपैकी जवळपास ९० टक्के नियमात बसले नाहीत. स्वस्त हिरव्यांत अवरक्त (इन्फ्रारेड) किरणही निसटतात. ते का, ते प्रकाशकिरण सर सांगतील.

प्रकाशकिरण | मंगळवार, दुपारी १:१५

सांगतो. बऱ्याच हिरव्या पॉइंटरमध्ये हिरवा प्रकाश थेट तयार होत नाही. आत ८०८ नॅनोमीटरचा अवरक्त डायोड असतो, तो एका स्फटिकाला चेतवतो, त्यातून १०६४ नॅनोमीटर निघतो, आणि दुसरा स्फटिक त्याची तरंगलांबी निम्मी करून ५३२ देतो. उरलेलं अवरक्त अडवायला शेवटी फिल्टर लागतो. पैसे वाचवायला तोच वगळतात. अवरक्त दिसत नाही, म्हणून पापणीही मिटत नाही. पाणी १०६४ ला चटकन शोषतं, त्यामुळे दोन-तीन मीटरवरच्या माणसाला ती भीती फारशी नाही. पण बोटीवर, हवेत, 'चालतो का बघू' म्हणून एकमेकांकडे मारला की ती आहेच. हल्ली ५२० नॅनोमीटरच्या आसपासचे थेट हिरवे डायोडही मिळतात. त्यांत ही भानगड नाही, घेणार असाल तर तो घ्या.

परावर्तनाचं गणितही बघा. मास्कच्या काचेच्या बाहेरच्या, पाण्याकडच्या बाजूवरून अर्ध्या टक्क्याहून कमी प्रकाश परततो. आतल्या, हवेकडच्या बाजूवरून सुमारे ४ टक्के. पॉइंटर ५ मिलिवॉटचा असेल तर परतणारा किरण ०.२ मिलिवॉट, चिंता नाही. पॉइंटर २०० मिलिवॉटचा असेल तर ८ मिलिवॉट, म्हणजे नुसतं प्रतिबिंबच ५ मिलिवॉटच्या पॉइंटरपेक्षा जोरदार. तेही कुणाच्या तोंडावर जाईल ते तुमच्या हातात नाही.

फिरस्ता_पुणे | मंगळवार, दुपारी २:०२

बरं, पॉवरफुलचा हट्ट सोडला. 🙏

पण डॉक्टर, कॅमेऱ्याचं काय? माझी हाउसिंग (कॅमेऱ्याचं जलरोधक कवच) आणि डोम पोर्ट (त्याची पुढची घुमटाकार काच) मिळून जी किंमत होते ती बायकोला सांगितलेली नाही.

डोळस | मंगळवार, दुपारी २:३०

डोळ्याचं भिंग करतं तेच कॅमेऱ्याचं भिंगही करतं. सरळ लेन्समध्ये गेला तर सेन्सरवर कायमचे मेलेले पिक्सेल किंवा अख्खी रेघ उमटू शकते. गटात फोटोग्राफर असेल तर पॉइंटर खिशात. किंमत मीही घरी सांगत नाही.

खटपट्या | मंगळवार, संध्याकाळी ६:४८

बेळगावचा. टॉर्च, बॅटऱ्या उघडून बघण्याचा नाद आहे. 'वॉटरप्रूफ' या शिक्क्यावर लिहितो, कारण बाकी सगळे प्रकाशात अडकलेत.

आयपी६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. डायव्हिंगशी त्याचा संबंध नाही. आयपीएक्स८ म्हणजे त्याहून जास्त, पण किती ते कंपनी ठरवते, म्हणून खोली मीटरमध्ये लिहिलेली असेल तरच मोजा. दर १० मीटरला एक वातावरण दाब वाढतो. सुझीज रेकला बारा-चौदा मीटर गेलात तर बाहेरचा दाब जमिनीवरच्या दुपटीहून जास्त, आत मात्र एकच. साधं दाबायचं रबरी बटण असेल तर पाणीच ते दाबतं. म्हणजे पॉइंटर बीसीडीच्या (डायव्हरच्या हवा भरायच्या जाकिटाच्या) खिशात आपोआप सुरू, किंवा बटणाकडूनच गळती. फिरवून लावायचा किंवा चुंबकाने सरकणारा स्विच बघा.

काच सपाट हवी. पुढे उघडं, फुगीर भिंग असेल तर ते हवेसाठी बनवलेलं असतं. पाण्याला टेकलं की त्याची वाकवण्याची ताकद घटते आणि ठिपक्याचा पसरट गोळा होतो. भिंग आत, पुढे सपाट खिडकी, मध्ये हवा, ही रचना पाण्यातही तशीच काम करते.

चाचणी अशी करतात: बॅटरी काढायची, आत कोरडा टिश्यू पेपर घालायचा, झाकण लावून नांगराच्या दोरीला बांधायचा आणि डायव्ह होईस्तोवर खालीच ठेवायचा. वर आल्यावर गोड्या पाण्याने धुवायचा, पुसायचा, मग उघडायचा. कागद जराही दमट असेल तर तो पॉइंटर वर्गात फळ्यावर दाखवायला प्रकाशकिरण सरांना भेट द्या.

ओ-रिंगवर (पाणी अडवणाऱ्या झाकणाच्या कडीवर) वाळूचा एक कण किंवा केस पुरे होतो, गळती सुरू. ग्रीस सिलिकॉनचं, अगदी पुसट. पण रिंगच सिलिकॉनची असेल तर तिला ते ग्रीस लावू नका, फुगते. आणि पाणी गेलंच तर लिथियम बॅटरी आत ठेवून झाकण घट्ट आवळू नका. खाऱ्या पाण्यात तिच्यातून वायू सुटतो, नळी बंद असेल तर दाब साठतो. तोंड समुद्राकडे धरून हळू उघडा.

गोमंतकी_ट्रेकर | मंगळवार, संध्याकाळी ७:१०

माझ्याकडे विकायला आहे, फोन करा: (प्रतिसाद काढून टाकण्यात आला आहे)

संपादक मंडळ | मंगळवार, संध्याकाळी ७:४४

विक्रीचा मजकूर काढला आहे. कृपया विषयावर राहावे.

तारकर्लीकरीण | मंगळवार, रात्री ९:२६

आले परत. काल अर्धवट सोडलं होतं.

अनुभवी चार जणांचा गट, व्हिज पाच मीटरच्या वर, आणि गाइड शांत हाताचा असेल तर लेझर उपयोगी आहे, हे मान्य. पण पद्धत हवी. लेझर म्हणजे हाक नव्हे. पाहुणा दुसरीकडे बघत असेल तर हजार वेळा ठिपका नाचवा, त्याला कळणार नाही. आधी टाकीवर टकटक किंवा खुळखुळा, नजर आपल्याकडे वळली की मगच पॉइंटर. सगळे आपल्या बाजूला, एका ओळीत. समोर कोणी नाही ना ते आधी बघायचं. गढूळ पाण्यात समोरून दुसऱ्या बोटीचा गट कधी येतो ते कळत नाही, ग्रँडला तर रविवारी जत्राच असते. किरण कायम खाली, वाळू किंवा खडकाकडे. ठिपका पाहुण्याच्या नजरेसमोरच्या खडकावर टाकायचा आणि तिथून सावकाश ओढत न्यायचा.

आणि माशावर मारायचा नाही. त्याच्या बाजूला, वाळूवर गोल काढायचा. बहुतेक माशांना पापण्या नसतात, बाहुलीही आपल्यासारखी चटकन आकसत नाही. त्यांनी डोळा मिटावा तरी कसा? आठपायाच्या तोंडावर ठिपका नाचवून तो रंग बदलतो का बघणारे महाभाग मी पाहिलेत. काही मासे ठिपक्यामागे धावतात, पर्यटक हसतात, व्हिडिओ निघतो. त्या माशाने तेवढ्या वेळात खाल्लं असतं.

बायणेकर | मंगळवार, रात्री १०:०५

ताई, हे लिहून बोटीवर लावतो. 'माशाच्या बाजूला गोल' हे माझ्या डोक्यात आलंच नसतं असं नाही, पण घाईत हात सरळ माशावरच गेला असता.

एक शंका. किरण वर गेला तर? आपण खाली असतो, डोक्यावर बोट, बोटीच्या शिडीवर माणसं.

प्रकाशकिरण | मंगळवार, रात्री १०:५८

फार योग्य शंका. किरण सरळ वर किंवा थोडा तिरका असेल तर बाहेर पडतो. उभ्या रेषेपासून सुमारे ४८.६ अंशांहून जास्त तिरका असेल तर बाहेर पडतच नाही, पृष्ठभाग आरशासारखा वागतो आणि किरण परत खाली येतो, कदाचित तुमच्या मागच्या डायव्हरवर. लाटा असतील तर कोण कुठे जाईल सांगता येत नाही. म्हणजे वर मारणं दोन्ही बाजूंनी वाईट.

आणि वर काय आहे ते विसरू नका: दाबोळी विमानतळ. आयएनएस हंसाचा नौदल तळही तिथेच. ग्रँड आयलंडच्या परिसरात विमानं कमी उंचीवर असतात. हिरवा ५ मिलिवॉटचा किरणही रात्री वैमानिकाला काही किलोमीटरवरून त्रास देऊ शकतो. विमानाकडे लेझर मारणं हा गुन्हा आहे, आणि 'मी पाण्यात मासे दाखवत होतो' हे पोलिसांना पटवणं तुमच्याकडे.

रापणीकाठचो | मंगळवार, रात्री ११:१५

अवांतर, पण अगदीच अवांतर नाही. आमची रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) आहे. २०१७ च्या नोव्हेंबरात केंद्राने एलईडी लावून मासे धरायला बंदी घातली, तरी रात्री समुद्रात दिवे दिसतात, म्हणून किनाऱ्यावरचे लोक आधीच चिडलेले. रात्रीच्या डायव्हला बोटीवरून हिरवा उजेड नाचला तर आमच्या वाड्यावर पहिला संशय काय येणार ते सांगायला नको. कोस्टल पोलिसही येतील. बोटीवर पॉइंटर पेटवूच नका, खाली गेल्यावर पेटवा. आणि आधी वाड्यावर सांगून ठेवा, आम्ही काय खातो काय तुम्हाला.

समुद्रवेडी | बुधवार, सकाळी ८:२०

सगळे दाखवण्यावर बोलताय, लेझरचा एक खरा शहाणा उपयोग राहिलाच. दोन छोटे लेझर कॅमेऱ्याच्या दोन बाजूंना, एकमेकांना अगदी समांतर, ठरावीक अंतरावर बसवायचे. समजा १० सेंटीमीटर. फोटोत माशाच्या अंगावर दोन ठिपके पडतात, त्यांच्यातलं अंतर कायम १० सेंटीमीटर, मासा जवळ असो वा लांब. त्यावरून हात न लावता लांबी काढता येते. देवमुशी (व्हेल शार्क), मँटा रे यांची मापं जगभर अशी घेतली जातात. ठिपके शरीराच्या मधल्या भागावर पाडायचे, डोक्यापासून दूर.

ग्रँडच्या गोबऱ्यांची (ग्रूपर माशांची) मापं दरवर्षी अशी घेतली तर? बायणेकरबाब, तुम्ही रोज जाता. दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, तिथे विचारून बघा.

फिरस्ता_पुणे | बुधवार, सकाळी ९:०५

हे म्हणजे भन्नाट. मी कॅमेरा घेऊन येतो, पेट्रोल माझं.

खटपट्या | बुधवार, सकाळी ९:३०

समांतर ठेवायची कटकट मोठी आहे, एका अंशाने जरी फाकले तरी तीन मीटरवर पाच सेंटीमीटरची चूक. अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, दोन्ही बाजूंना बारीक स्क्रू, आणि आधी भिंतीवर जवळून-लांबून अंतर तपासायचं. सपाट खिडकीतून सरळ बाहेर पडणारे किरण पाण्यात गेल्यावरही समांतरच राहतात, त्यामुळे जमिनीवर जुळवलं तरी चालतं. पट्टी मी करून देतो. लेझर १ मिलिवॉटचे घ्या, मापाला पुरतात. सकाळी खडकाच्या सावलीत किंवा रेकच्या पोटात फोटो काढा म्हणजे ठिपका दिसेल.

बायणेकर | बुधवार, रात्री ८:४७

आज टिश्यू पेपरचा प्रयोग केला. दुबईचा पॉइंटर दहा मीटरवर दोरीला बांधून ठेवला. कागद चिंब. बटणाच्या रबरातून पाणी गेलंय. सरांना भेट देतो म्हटलं असतं, पण वर छापलेला आकडा खरा आहे की नाही कुणाला माहीत, मुलांच्या वर्गात तो नको.

टॉर्चमध्येच हिरवा लेझर असलेले डायव्हिंगचे मॉडेल मिळतात, ऑर्काटॉर्चचं एक पाहिलंय. खोली मीटरमध्ये लिहिलेली आहे. दोन वस्तूंऐवजी एक, लॅनयार्डही (हाताला अडकवायची दोरी) एकच. पहिल्यांदाच उतरणाऱ्यांच्या गटात तो बोटीवरच राहील. कॅमेरेवाला गटात असेल तरीही.

खटपट्याबाब, पट्टीचं नक्की करा. गोबरे कुठे बसतात ते मला माहीत आहे. फिरस्ता, मोपाला उतरणार की दाबोळीला? जादा बॅटऱ्या हँडबॅगमध्ये आणा, चेक-इनच्या बॅगेत टाकलेल्या काढून घेतात.

फिरस्ता_पुणे | बुधवार, रात्री ९:१०

गाडीने येतोय, चोर्ला घाटातून. बेळगावात खटपट्यांकडून पट्टी उचलतो. शनिवारी पहाटे बायणा.

खटपट्या | बुधवार, रात्री ९:१३

शुक्रवारपर्यंत होईल. स्क्रू स्टेनलेसचे ३१६ घेतोय, ३०४ खाऱ्या पाण्यात गंजतात. पट्टी ३० सेंटीमीटरची चालेल ना?

समुद्रवेडी | बुधवार, रात्री ९:२०

चालेल. पण ठिपक्यांतलं अंतर १० च ठेवा, लहान माशावर दोन्ही बसले पाहिजेत.